बचतीचा दिवा आणि पुढचा दात

पुडी परत आली तेव्हा मास्तरांनी ती उघडली नाही. टेबलावर ठेवली आणि आत दात नव्हे, विंचू असावा तसे तिच्याकडे बघत बसले.

मास्तर शाळेतले नव्हेत. दातांच्या दवाखान्याला कवळ्या आणि मोडक्या दातांवर बसवायच्या कॅपा करून देणारा माणूस. घरातल्याच मागच्या खोलीत त्यांची छोटी भट्टी, ब्रश आणि चिनी मातीच्या भुकटीच्या बाटल्या. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. पुढच्या दातांसाठी त्यांचं नाव होतं. दात नुसता पांढरा करून भागत नाही, शेजारच्या दातात तो असा मिसळावा लागतो की बायकोचा खोटा दात कुठला हे नवऱ्यालाही सांगता येऊ नये. दवाखान्यातून रंगाचा नमुना यायचा, पण शेवटचा हात मास्तर नजरेनंच द्यायचे. डाव्या हातात नमुना, उजव्या हातात ब्रश, डोक्यावर दिवा. दोन्ही सारखे दिसले की दात भट्टीत.

आणि आता ते सारखे दिसून भट्टीत गेलेले दात दवाखान्यात जाऊन वेगळेच निघत होते. बँकेत काउंटरवर बसणाऱ्या एका बाईंचा पुढचा दात होता. आधी केला तो पिवळा पडला. मग केला तो निळसर, थंडीनं गारठलेल्या नखासारखा. ती बाई लोकांशी तोंडावर हात धरून बोलते, असं दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून पाठवलं होतं. शिवाय, हेच चालू राहिलं तर पुढच्या दातांचं काम आपण मोठ्या लॅबला देऊ, असंही.

हे ऐकून मास्तरांना भीती वाटली. पण भीती वाटली की ती कबूल करायची, ही पद्धत त्यांच्याकडे नव्हती. भीती वाटली की ते संशय घ्यायचे. त्यांना संशय घ्यायला भाजीवालासुद्धा पुरायचा. घासाघीस न करता भाव कमी केला, म्हणजे माल कालचा. जास्त हसला, म्हणजे वजनात मारलं.

आधी त्यांनी चिनी मातीच्या भुकटीवर संशय घेतला. चाळून, बोटांत चोळून, जिभेला लावून बघितली. पूड निर्दोष निघाली. मग डोळ्यांवर घेतला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळी अक्षरं वाचून घेतली, रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली आणि तुमची नजर तरुण आहे म्हणून पाठवून दिलं. मास्तरांना बरं वाटायला हवं होतं. उलट ते घाबरले. डोळा बरोबर, पूड बरोबर, हात तर आपलाच. मग यात माणूस आहे.

माणूस शोधायला ते फार लांब गेले नाहीत. मोठ्या लॅबनं डॉक्टरीणबाईंना फितवलं असणार. आपल्या चांगल्या कॅपा ठेवून घेऊन भलत्याच कुणाच्या परत पाठवतात. डोळा बिघडला असता तर दात एकाच बाजूला चुकला असता. एकदा पिवळा, एकदा निळा, हे कसं? हा तर्क त्यांनी जेवताना बायकोला ऐकवला. ती पोळी वाढता वाढता थांबली, काही म्हणणार असं वाटलं, पण म्हणाली नाही. मास्तरांनी तिचं गप्प बसणं होकारात धरलं. सगळे नवरे धरतात.

त्यानंतर केलेल्या कॅपच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी, त्यांनी टाचणीच्या टोकाएवढी खाच पाडली. कॅप परत आली, पुन्हा पिवळी पडली म्हणून. त्यांनी आत बघायचेही कष्ट घेतले नाहीत, इतकी खात्री. तसेच दवाखान्यात गेले. बँकेतली बाई खुर्चीत आडवी, तोंड उघडं, डॉक्टरीणबाई हातमोजे घालून उभ्या. तिथं, त्या बाईसमोर, मास्तर म्हणाले की माझा माल इथं बदलला जातो.

डॉक्टरीणबाईंनी कॅप घेतली, उलटी केली, खिडकीशी नेली.

"ही खाच तुमची का, मास्तर?"

खाच त्यांचीच होती.

"म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेत होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "एक कॅप आणखी करा. ह्यांना तोंड उघडता आलं पाहिजे. बाकीचं मग बोलू."

दुसरा कुणी असता तर तिथंच शरमला असता. मास्तर जिना उतरेपर्यंत शरमले आणि रस्त्यावर येताच त्यांना नवा आरोपी सापडला. मेहुणा.

माल बदलला नव्हता, म्हणजे खोट उजेडात होती, आणि मेहुण्याचं दिव्यांचं दुकान होतं. मागं मास्तरांनी घरात फर्मान काढलं होतं की जुने दिवे वीज खातात, सगळे काढा, बचतीचे लावा. ते त्यांनी मेहुण्याकडूनच आणले. स्वतःच्या खोलीसाठी एक महागातला, भर दिवसासारखा पांढरा. बाकी घराला दुकानातले सगळ्यांत स्वस्त. स्वयंपाकघरात लागला तो पिवळा, आजारी. न्हाणीघरात लागला तो निळसर, मंद. दिव्यांच्या खोक्यावर 'बचत' हा शब्द हाताएवढा छापलेला असतो. ती कुणाच्या डोळ्यांतून काढायची, हे छापलेलं नसतं. पालेभाजीतली अळी आता शिजल्यावर दिसते, असं बायकोनं सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, चष्मा कर. आईनं न्हाणीघराबद्दल काही म्हटलं तेव्हा म्हणाले होते, आंघोळ करायची की पेपर वाचायचा.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मास्तरांना तेच हवं होतं. त्यांनी मोठ्यानं विचारलं की बहिणीच्या घरातसुद्धा नकली माल घालायला लाज कशी वाटत नाही. मेहुणा बोलण्यात तिखट होता, पण दाजींपुढं जीभ आवरायचा. त्यानं गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं, दुकान शेजाऱ्यावर सोपवलं आणि म्हणाला, "चला. दिवा नकली निघाला तर दुकानाची पाटी मी स्वतः उतरवतो. नाही निघाला तर तुम्ही काय उतरवणार, ते वाटेत ठरवा, दाजी."

वाटेत मास्तर मेहुण्याच्या दोन पावलं पुढंच चालत राहिले.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. मेहुणा स्टुलावर चढला, बटण बंद करून दिवा काढला, दारापाशी नेऊन त्याच्या बुडाशी छापलेली बारीक अक्षरं वाचली. मग स्वयंपाकघरातला काढला. मग न्हाणीघरातला. तिन्ही टेबलावर ओळीनं ठेवले. विझलेले असताना तिघेही सारखेच होते, तीच दुधी काच, तेच बूड. नवीन जन्मलेली पोरं जशी एकसारखी दिसतात तशी.

"मी ह्या खोलीसाठी दिला तो हा," मेहुणा म्हणाला. "न्हाणीघरात होता. तुमच्या डोक्यावर होता तो स्वयंपाकघरातला." त्यानं तो पिवळा पुन्हा लावला, पेटवला, टेबलावरचा रंगाचा नमुना आणि परत आलेली कॅप त्याच्याखाली धरली. दोन्हींचे रंग तंतोतंत जुळत होते. मग दोन्ही घेऊन तो अंगणात गेला आणि मास्तरांना बोलावलं. उन्हात कॅप मक्याच्या दाण्यासारखी पिवळी होती. डोळा कुठल्याही उजेडाला सरावतो; पिवळ्या उजेडात पिवळा रंग कमीच वाटतो, म्हणून हात जास्त घालतो. निळ्यात निळा. मास्तरांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आता त्यांना फक्त माणूस हवा होता.

"माझ्या खोलीत कोण आलं होतं?"

बायको दारात उभी होती. आईही, तिच्या मागं, मनगटाला पट्टी बांधलेली.

"मी," बायको म्हणाली. "रोज येते. तुम्ही सकाळी बाहेर पडलात की तुमचा दिवा काढते, न्हाणीघरात लावते, आईंची आंघोळ होते. मग तो स्वयंपाकघरात आणते, भाजी निवडते. तुम्ही यायच्या आत परत लावते. आता विझल्यावर तिघे सारखे दिसतात त्याला मी काय करू? घाईत कुठला कुठं गेला ते मलाही कळलं नाही."

"मला विचारायचं नाही?"

"विचारलं होतं. तुम्ही चष्मा कर म्हणालात." ती जरा थांबली. "आई न्हाणीघरात पडल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, जपून चालायचं. त्या दिवशी ठरवलं की आता विचारायचं नाही."

मेहुणा टेबलावरची धूळ पुसायला लागला. धूळ नव्हती.

मास्तरांना जेवतानाची ती अर्धवट राहिलेली पोळी आठवली. म्हणजे हिला तेव्हाच संशय आला होता. दात चुकतात ते दिव्यामुळे, हे हिच्या लक्षात आलं होतं आणि तरी ही गप्प राहिली. हे ते बोलणार होते. मग त्यांना दिसलं की बोललो तर ती 'हो' म्हणेल. ते 'हो' ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

कॅप त्यांनी दुसऱ्या दिवशी अंगणात बसून रंगवली, भर उन्हात, धूळ बसू नये म्हणून डोक्यावरून टॉवेल घेऊन. येणारेजाणारे विचारत होते, मास्तर, वाफ घेताय का. त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. भट्टीतून निघाल्यावर पुन्हा उन्हात बघितली आणि स्वतः घेऊन गेले.

कॅप बसली. बँकेतल्या बाईंनी आरसा धरला, ओठ वर केला, खाली केला, आणि कोणता दात ते स्वतःच विसरल्यासारख्या जीभ फिरवून शोधत राहिल्या. मग हसल्या. हात तोंडाकडं गेला तो सवयीनं, अर्ध्यातून खाली आला. मास्तरांनी आयुष्यात इतका चांगला दात केला नव्हता.

त्या गेल्यावर मास्तरांनी दिव्याची सगळी हकिगत सांगितली. डॉक्टरीणबाई हसल्या, अगदी मोकळ्या हसल्या. मास्तरांना वाटलं, सुटलो.

"दिव्याचं मला काहीच वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तो कुणाच्याही घरात चुकतो. पण तुम्ही माझ्या पेशंटसमोर मला चोर म्हणालात, मास्तर. पुढचे दात आता मी लॅबला देते आहे. दाढा तुम्ही करा. दाढेचा रंग कोण बघतो."

मास्तर घरी आले. बायकोनं पांढरा दिवा मागच्या खोलीत परत लावला होता आणि विसरायला नको म्हणून त्याच्या बुडाला लाल दोरा बांधला होता. ते त्याच्याखाली बसले. समोर दाढांचे साचे होते. दाढेला उजेड लागतो तो ओबडधोबड. त्यांनी दिवा काढला, न्हाणीघरात नेला, स्टूल ओढलं. चांगुलपणा म्हणून केलं म्हणाल तर तसं काही नव्हतं. त्या दिव्याकडं त्यांना बघवत नव्हतं.

उजेड पडला तशी आई दारात आली. तिनं आधी दिव्याकडं बघितलं, मग स्टुलावरच्या मुलाकडं, वरपासून खालपर्यंत.

"किती दिवसांसाठी?" तिनं विचारलं.