पॉलिशच्या खोलीपुढचं स्टूल

सुनेला बसायची भारी हौस, आणि बसायला तिला अख्ख्या घरादारात एकच जागा सापडली होती: कारखान्यातल्या पॉलिशच्या खोलीचं दार. सकाळची भांडी आटोपली की ही बया स्टूल घेऊन तिथे जायची, ती जेवणवेळ सोडली तर संध्याकाळपर्यंत हलायची नाही. हातात ना सुई, ना निवडायला धान्य. आत नवरा कपाटांना पॉलिश मारतोय आणि ही बाहेर त्याच्यावर डोळा ठेवून. दोन पोरं शाळेत जायला लागली, आणि आता हे नवरीपण!

"सुतार हसतात गं," मोठ्या बाई म्हणायच्या. "नवरा काय पळून चाललाय तुझा?"

"बसते जरा, आई," सून म्हणायची, आणि बसायची.

नवऱ्यामागे हा लाकडी सामानाचा कारखाना मोठ्या बाईंनीच उभा ठेवला होता. शाळेचं तोंड नावापुरतं पाहिलेलं, पण फळीवर तळहात फिरवून ती ओली की सुकी ते सांगत. त्यांच्या धाकाने सुतार विडी ओढायला कोपऱ्यापलीकडे जात. अशा बाईंचा थोरला मुलगा, म्हणजे या सुनेचा नवरा, दारूत बुडाला. व्यसन सोडवायच्या केंद्रात काही महिने राहून आला. बाईंनी जगाला सांगितलं, नवीन मशीनचं काम शिकायला गेलाय. खोटं एकदा घरात घेतलं की त्याला रोज जेवू घालावं लागतं. कोणी मशीनची चौकशी केली की बाई नवनवीन थापा रांधत.

परत आल्यावर थोरल्याने एकच मागणं केलं होतं. पॉलिशची लाख विरघळवायला स्पिरिट लागतं, आणि त्याचे कॅन खोलीतल्या बिनकुलपाच्या कपाटात असत.

"कपाटाला कुलूप लाव, आई. किल्ली तुझ्याजवळ राहू दे. दारू मिळाली नाही तेव्हा मी त्यालाही तोंड लावलंय."

बाईंच्या अंगाची लाही झाली. "या कारखान्यात कधी खिळ्याला कुलूप लागलं नाही. कामगार काय म्हणतील? मालकिणीने पोटच्या पोराला चोर ठरवला? कुलूप मनाला लाव. चांगला बाप्या माणूस तू!"

थोरला पॉलिशच्या कामाला लागला. दुसऱ्या दिवसापासून सून स्टुलावर बसू लागली. या दोन गोष्टींचा संबंध बाईंना लागला नाही, की त्यांनी लावून घेतला नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

एके सकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका कपाटांची ऑर्डर घेऊन आल्या. फिरता फिरता त्यांची नजर स्टुलावर गेली. "या इथे काय काम करतात?"

बाईंचं तोंड सुटलं ते सुटलंच. "ती? ती आमची सून. हिला काम कसलं? अगं ऊठ! दारात बसून राहायला तू काय राखणीचं कुत्रं आहेस?"

करवतीवरचा एक सुतार फिसकन हसला. सून उठली. जाताना हळूच म्हणाली, "मग तुम्ही तरी इथे थांबा, आई."

"मला कामं आहेत!"

मापं झाली, लाकूड ठरलं. मुख्याध्यापिकांनी पॉलिशचा नमुना मागितला, म्हणून बाई खोलीकडे गेल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

थोरला कपाटापुढे उकिडवा बसला होता. गुडघ्यांत कॅन, झाकण मुठीत. मान घामाने निथळत होती.

"अजून प्यायलो नाही," तो मागे न बघता म्हणाला. "तू आत येऊ नकोस, जाऊ पण नकोस. ती थांबते ना, तशी नुसती थांब."

बाई थांबल्या. शेजारी रिकामं स्टूल होतं, आणि मघाचा तो शब्द बाईंच्या कानात भुंकत होता.

"मिळाला का हो नमुना?" बाहेरून हाक आली.

दोन पावलं मागे घेतली असती तर अब्रू झाकली जात होती. बाईंनी चौकट धरली आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "आत्ता यायला जमणार नाही, बाई! माझा मुलगा दारू सोडतोय. त्याच्यापाशी उभी आहे मी!"

करवत थांबली. बाईंचे कान तापले, मान वर होईना. आत कॅनवर झाकण बसवून फिरवल्याचा आवाज आला. एकदा फिरलं, मग थोरल्याने ते पुन्हा आवळलं.

ओरडणं ऐकून सून ओल्या हातांनी धावत आली. आधी तिने आत पाहिलं, मग सासूकडे. बाईंना तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. स्टुलाकडे बघतच त्या बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"मघाशी तुला कुत्रं म्हणाले, तेव्हा मी शेण खाल्लं. चारचौघांत खाल्लं, म्हणून चारचौघांतच सांगते. आता जा, कुलूप घेऊन ये. दणदणीत आण, रस्त्यावरून दिसलं पाहिजे. आणि उद्यापासून अर्धा दिवस इथे मी बसणार. तू बसतेस ती पोक काढून, बघवत नाही मेलं!"