डाव्या बटणाची दोरी

मी एक जुने कटिंग मशीन आहे. मित्रांनो, मला बोलायची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

पुस्तके बांधणाऱ्या एका बाइंडरकडे मी तीन वर्षांच्या भाडेकराराने आले. माझे पाते एका दमात कागदांचा जाड गठ्ठा कापते. ते खाली आणायला दोन बटणे एकदम दाबावी लागतात, एक उजव्या हाताने, एक डाव्या. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे पात्याखाली एकही नाही. मला घडवणाऱ्याने एवढा विचार केला होता.

बाइंडरने दुसऱ्याच आठवड्यात डावे बटण कायम दाबलेले राहील असे दोरीने आवळून टाकले. मोकळ्या हातात लाकडी पट्टी धरून तो गठ्ठा आत सारू लागला. काम भराभर होई. गिऱ्हाइके म्हणत, "मशीन आहे की जादू!" मला ते गोड लागे, हे कबूल करते.

भाडे घेणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक दर महिन्याला येई. धार लावी, पाते वर रोखून धरणारा ब्रेक तपासी आणि दोरी कापून खिशात टाकी. "काका, बोटं भाड्यानं मिळत नाहीत हं," तो म्हणे. त्याची पाठ वळली की नवी दोरी.

करार संपत आला. तो वाढवायचा की मला विकत घ्यायचे, यावर नवरा-बायकोत चार दिवस जुंपली.

"आपलं ते आपलं. कुणी नाक खुपसायला येणार नाही," बाइंडर म्हणाला.

"तो नाक खुपसतो म्हणून मला झोप लागते."

"तू त्याची बाजू घेतेस?"

"तुमच्या हाताची घेते."

शेवटी त्याने मला विकत घेतलेच. मेकॅनिकने कंपनीची पाटी उतरवली. स्क्रूंची चार भोके उरली. जाताना तो बाइंडरच्या बायकोला हळूच म्हणाला, "काकू, ब्रेक झिजत आलाय. कुणाला तरी दाखवा."

तिने नवऱ्याला दोनदा आठवण करून दिली. "चालतंय ना? मग!" एवढेच उत्तर मिळाले.

वर्ष गेले. माझ्याकडे कुणी पाहिले नाही. परवा माझे पाते कापून वर गेले आणि कुणी बटण न दाबता पुन्हा खाली आले. बाइंडरच्या हातातल्या पट्टीचे दोन तुकडे झाले.

"पट्टीवर निभावलं," तो हसला.

बायको हसली नाही. तिने माझी किल्ली काढून मुठीत धरली. दोन दिवस मी बंद होते.

"शाळेच्या वह्या आज द्यायच्यात," आज सकाळी तो म्हणाला. "दे ती किल्ली. एवढ्या झाल्या की बोलावतो त्या मेकॅनिकला. तुझी शपथ."

"माझी नका घेऊ," ती म्हणाली. पण मूठ उघडली.

मित्रांनो, यंत्र भाड्याने आणा किंवा विकत घ्या, ते तुमचे तुम्ही ठरवा. पण त्याच्याकडे पाहायला येणाऱ्या माणसाला दार बंद करू नका. मला कागद आणि हात यांतला फरक कळत नाही.

किल्ली फिरली आहे. दोरी जागच्या जागी आहे. बाइंडरने पट्टीचा उरलेला आखूड तुकडा हातात घेतला आहे. कुणीतरी ती दोरी सोडा.