मोटरची पूजा

"नारळ फोडल्याबिगर यंत्र सुरू करत असतात काय, मास्तर?" बापूसाहेब म्हणाले. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी म्हटल्यावर परतवाड्यात नारळ मिळायला कितीसा वेळ लागतो!

देवमन मास्तरांनी टेबलावरच्या यंत्राकडे पाहिलं. टॉर्चचे दोन सेल, एक लोहचुंबक, दोन सेफ्टी पिना आणि पिनांच्या नेढ्यांत अडकवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. नारळ यंत्रापेक्षा मोठा होता.

"खेळनंच आहे साहेब. पोरायले वीज न् चुंबक समजावं म्हनून केलं."

"मंग वीज म्हंजे देवीच ना?"

नागपूरला दीक्षा घेतल्यापासून देवादिकांशी मास्तरांचा व्यवहार संपला होता. बापूसाहेबांशी चालू होता. नोकरी अजून हंगामी होती. ती कायम करायची की नाही हे बापूसाहेब ठरवणार, आणि आजचा पाठ पाहून इन्स्पेक्टरसाहेब काय म्हणतात त्यावर ठरवणार. इन्स्पेक्टरसाहेब पहिल्या रांगेत पेढा खात होते.

पूजा यथासांग झाली. वीज आत शिरावी म्हणून मास्तरांनी तारेची टोकं वरचं रोगण जाईपर्यंत ब्लेडनं खरवडली होती. ती चकाकत होती, आणि चकाकतं दिसलं की आपल्याकडे कुंकू तिथंच लागतं. बापूसाहेबांनी ओल्या हळदीकुंकवाचे दोन ठसठशीत गोळे दोन्ही टोकांवर ठेवले. बोटानं नव्हे, फुलाच्या देठानं. मोटर कोणाच्या हातची आहे ते त्यांना ठाऊक होतं. शिवाशिव कायद्यानं बंद झाली होती. मास्तर हंगामी होते, सवय कायम होती.

मास्तरांनी टिचकी मारली. वेटोळं अर्धं वळलं आणि थांबलं. पुन्हा टिचकी. पुन्हा तेच.

"काऊन फिरत नाही हो?" इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं.

"राहू द्या," बापूसाहेब मायेनं म्हणाले. "होऊन जाते असं. श्रद्धा लागते, ते या लोकायच्यात आता राहिली नाही. पण मानूस गरीब आहे. सांभाळून घ्या."

साहेबांनी मान हलवली. म्हणजे नोकरी वाचली होती. मास्तरांनी फक्त हात जोडून खाली बसायचं होतं.

मागच्या बाकावर कुजबुज झाली, "मास्तरची वीज खोटी हाये बे."

मास्तर बसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, वेटोळं पिनांतून उपसलं आणि एका टोकाचं कुंकू पुसलं. मग दुसऱ्या टोकाचं. मग पिनांच्या नेढ्यांतलं. वेटोळं जागी बसवून त्यांनी टिचकी मारली.

मोटर भर्रकन फिरू लागली. चांगली बराच वेळ फिरली. पण तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. इन्स्पेक्टरसाहेबांपासून मागच्या बाकापर्यंत सगळे रुमालाकडे पाहत होते.

बापूसाहेब उठले, चपला घातल्या आणि काही न बोलता निघून गेले. त्यांना बोलायचं असतं तेव्हा ते थांबत.

संध्याकाळी मनकर्णानं धुण्यात नवऱ्याचा रुमाल घेतला.

"फिरली काय तुमची मोटर?"

"फिरली."

"मंग आता कायम करतीन?"

"नाई करत."

तिनं रुमाल उलगडला. "कायचा डाग हाये हा?"

"कुंकवाचा."

"आपल्या घरात कुठून आलं?"

ती रुमाल चोळत राहिली. पाणी लाल झालं, तिनं ते मोरीत ओतलं आणि दुसरं घेतलं. तेही लाल झालं.