इस्तारीचा गळा

"गळा राजाचा नाई तुहा, इस्तारी. तू वही धर."

बावीस वर्षांपूर्वी गावच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, नाटकाच्या तालमीत गुणवंतराव असं म्हणाले होते. गोंजारून बोलावं तसा आवाज. मग राजा ते स्वतःच झाले. आज नागभीडच्या शाळेत, संध्याकाळच्या नाट्यवर्गात सरांनी "बोला" म्हटलं, तेव्हा इस्तारीला तोच आवाज ऐकू आला. गुणवंतराव समोरच्या बाकावर बसले होते.

इस्तारीने वाक्य म्हटलं. हलकं, भरभर, सपाट. आणि थांबला.

"पुढे?" सर म्हणाले.

"कोनी म्हनलंच नाई अजून," इस्तारी म्हणाला.

सगळे हसले. नागपूरहून आलेल्या सरांना कळेना. कुंता नर्सने समजावलं, "सर, आमच्या झाडीपट्टीत नाटक पाठ नसते करत. पडद्याआडून हे वहीतलं सांगते, मंग पुढं उभा नट म्हनते. बावीस वरसं राजे-रान्या याइच्याच तोंडानं बोलल्या."

इस्तारी रामटेके दिवसा टपाल वाटायचा. ज्यांना वाचता येत नसे त्यांना पत्र वाचूनही दाखवायचा, तेही हळू. घरातलं शेजारी जाऊ नये म्हणून. सगळा जन्म दुसऱ्याचे शब्द ओठांवर, आणि तेही दबक्या आवाजात. घरी बायको वच्छला दर हिवाळ्यात त्याच्यासाठी अडुळशाचा काढा उकळायची. "येवढा सातवी शिकलेला मानूस, गळ्यापायी मांगं राह्यला," म्हणायची. तो फुंकर घालून पिऊन टाकायचा.

वर्ग महिनाभराचा, शेवटी एक नाटक. त्यात एकदा, लोकांपुढे उभं राहून, आपलं वाक्य आपणच म्हणायचं. एवढ्यासाठी इस्तारीने नाव घातलं होतं.

सरांनी त्याला तलावाच्या पाळीवर उभं केलं आणि स्वतः पलीकडच्या धानाच्या बांधीत जाऊन थांबले. पहिल्या दिवशी बगळेसुद्धा हलले नाहीत. आठव्या दिवशी उडाले. पाण्यावरून तो आवाज गेला, धानावरून वारा जातो तसा, आडवा आणि भरून. सर चिखल तुडवत परत आले.

"अहो, एवढा आवाज ठेवला कुठे होता?"



थोरल्या भावाची मुख्य भूमिका त्याला मिळाली. धाकटा भाऊ गुणवंतराव.

"मिशीले कलप लावला, लहान झाले आमचे राजे," कुंता म्हणाली.

"तू सुया टोचू टोचू म्हातारी झाली, ते पाह्य आधी," गुणवंतरावांनी परतवलं.

शेवटच्या प्रवेशाची तालीम लागली. बारा वर्षांनी घरी आलेला धाकटा थोरल्याच्या पायांवर हात ठेवतो. गुणवंतराव वाकले. हात इस्तारीच्या पावलांपासून वीतभर वर थांबला आणि तिथूनच कपाळाला गेला.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा वीतभर.

"हात टेकत का नाही?"

"कंबर धरली सर. अन् आजकालच्या नाटकात पाया कोन पडते? काढून टाका तेवढं."

कुंता खिडकीबाहेर बघू लागली. बाकावरच्या दोघांनी संहितेची पानं उगाच चाळली. सरांनी घड्याळ पाहिलं. प्रयोग रविवारी होता.

"बरं, दुरूनच हात जोडा. इस्तारीभाऊ, चालेल ना?"

इस्तारीच्या पायाची बोटं जमिनीला घट्ट धरून बसली होती. ती एकेक करून सैल झाली. तो गुणवंतरावांकडे वळला आणि पाळीवर बोलायचा तेवढ्या आवाजात बोलला.

"तवाई माह्या गळ्याले काई झालं नोतं, भाऊ. त्या नाटकात राजाच्या पाया पडावं लागत होतं तुमाले साऱ्याइले, अन् राजा बौद्ध मोहल्ल्यातला. त्याच दिवशी समजलं होतं मले. बायकोलेई नाई सांगितलं. काढा पेत राह्यलो."