सातवा पत्रा

“धरलं?” खालून रणपिसेसाहेबांनी विचारलं.

“धरलं,” छपरावरून वैजनाथ म्हणाला. ते खोटं होतं, आणि खोटं असल्याचं त्यालाही शब्द तोंडातून गेल्यावरच कळलं.

“सोडू?”

“सोडा.”

साहेबांनी हात काढले. वैजनाथचा उजवा हात पत्र्याच्या कडेवर होता, पण मिटला नव्हता. दहा फुटी पत्रा भिंतीला घासत, किंचाळत खाली गेला, साहेबांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून वळला आणि ओट्यापाशी ठेवलेल्या निळ्या टबात उभा घुसला. कलिंगड चिरावं तसा टब चिरला. अर्ध्या मिनिटापूर्वी त्याच टबावर वाकून इंदुबाई, म्हणजे घराची मालकीण, चिखलाचे कपडे पिळत होती. एक चादर दोरीवर टाकायला ती चार पावलं पलीकडे गेली होती, तेवढंच.

इंदुबाई चादरीचं टोक हातात धरून टबाकडे बघत राहिली. वैजनाथला वाटलं, आता सगळे वर बघतील. त्याने उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसला.

“माझी चूक,” रणपिसेसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “मीच तिरका दिला असणार. मिस्त्रींनी धरलं म्हणून सांगितलं होतं, म्हणजे चूक खालचीच.”

वैजनाथने ते तसंच राहू दिलं.

गेल्या आठवड्यात कोकणात चक्रीवादळ उतरलं आणि त्याचं शेपूट पुण्यावरून फिरलं. शहराने झाडं पडल्याचे फोटो एकमेकांना पाठवले आणि दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली. बिबवेवाडीच्या वर, टेकडीच्या उतारावरच्या या वस्तीतल्या मात्र चाळीसेक घरांचे पत्रे एका दुपारी उडाले. दगड, टायर, फुटकी पाटी असं जे काही लोकांनी पत्र्यांवर दाबून ठेवलं होतं, ते सगळं घरांत पडलं. विश्रांतवाडीच्या एका चर्चची मंडळी तिसऱ्या दिवशी टेम्पोतून पत्रे, पाइप आणि हुक घेऊन आली. शिक्षक, नर्सा, कॉम्प्युटरवाले, दोन निवृत्त माणसं. उत्साह मोप, पण पत्रा कशाशी खातात हे एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांच्या पाळकसाहेबांनी वैजनाथला फोन केला होता. चर्चच्या मागची शेड त्यानेच बांधलेली.

वैजनाथ मूळचा परळीकडचा, तीस वर्षं पुण्यात पत्रे ठोकतोय. पाळकसाहेबांना त्याने लगेच हो म्हटलं आणि मजुरी नको म्हणून सांगितलं. मंडळींना ते फार मोठेपणाचं वाटलं. खरी गोष्ट वेगळी होती. दोन महिने तो कंबर धरल्याचं सांगून मजुरीची कामं टाळत होता. उजवा हात रिकामा असला की आपला आपण थरथरायचा, आणि काही धरायला गेलं की उशिरा मिटायचा. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या, आणि चिठ्ठी लिहिता लिहिता मान वर न करता म्हटलं होतं, “उंचावर चढायचं आता बंद.” ती चिठ्ठी त्याने घरात कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवली. बायकोला सांगितलं, हाताला मुंग्या येतात. त्याला एकदा वर चढून बघायचं होतं, आणि पैसे न घेता केलेल्या कामात हात चुकला तर निदान मजुरी घेतल्याचं पाप लागत नाही, असा त्याने हिशेब केला होता. पत्रा पडताना मजुरी विचारत नाही, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना रीत शिकवली होती. खालच्याने विचारायचं, धरलं? वरच्याने सांगायचं, धरलं. मग सोडू? मग सोडा. त्याशिवाय कुणी हात काढायचा नाही. “ह्या चार शब्दांवर माणसं जगत्यात,” असं त्याने ठणकावून सांगितलं होतं, आणि त्या कॉम्प्युटरवाल्यांनी ते मोबाइलमध्ये लिहूनही घेतलं होतं.

जेवायला सगळे इंदुबाईच्या ओट्यावर बसले. महिला मंडळाने पोळ्या आणि मटकीची उसळ पाठवली होती. जेवणाआधी प्रार्थना रोज रणपिसेसाहेब करायचे, वयाने मोठे म्हणून. आज ते म्हणाले, “वल्लरी, तू कर.”

वल्लरी शाळेत शिकवायची आणि चर्चचा तरुण संघ चालवायची. तिने डोळे मिटले. “प्रभू, आज कुणाला इजा झाली नाही, तुझे आभार. ज्यांच्या हातून चूक झाली त्यांना धीर दे. त्यांच्या मनातली भीती काढ.”

वैजनाथने डोळे मिटले नव्हते. ही प्रार्थना पत्रासारखी बरोबर घरी आली होती, फक्त वर नाव दुसऱ्याचं होतं. तो डाव्या हाताने पोळी तोडत होता आणि कुणाचं लक्ष जातंय का ते बघत होता.

रणपिसेसाहेब तर जेवतच नव्हते. ते आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बघत बसले होते. पोस्टात छत्तीस वर्षं टपाल वेगळं करणारे ते हात होते.

“काका, टेन्शन नका घेऊ,” वल्लरी म्हणाली. “होतं असं.”

“होतं ना. वय होतं,” साहेब म्हणाले. “घरी हल्ली माझ्या हातून कप फुटतात. ही म्हणाली होती, जाऊ नका. मी म्हटलं, कप वेगळे आणि पत्रे वेगळे.” त्यांनी डबा झाकला. “उद्यापासून मी घरी बसून प्रार्थना करीन. प्रार्थना कुणाच्या डोक्यावर पडत नाही.”

दोघं-तिघं हसले. साहेब हसले नाहीत. वैजनाथला सकाळची आठवण झाली. सातला हेच साहेब टेम्पोतून उतरताना टोपी सारखी करत म्हणाले होते, “मिस्त्री, निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा घड्याळ लावून उठतोय.” आणि आता तो माणूस आपले हात असे बघत होता, जणू ते कुणीतरी त्याला न विचारता बदलून ठेवलेत. हे म्हातारपण त्यांचं नव्हतंच. ते वैजनाथचं होतं, आणि ते साहेबांच्या मांडीवर ठेवून तो मटकी खात होता. त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. सांगितलं तर ही वस्ती, मार्केट यार्डातले गाळेवाले, सगळ्यांना कळणार, मग त्याला कोण बोलावणार, आणि कशासाठी? पत्रेवाला वैजनाथ म्हणून लोक त्याला ओळखत होते. त्यातला पहिला शब्द गेला की मागे नुसता वैजनाथ उरत होता, आणि त्याला तर तो स्वतःही नीट ओळखत नव्हता.

दुपारनंतर कात्रजच्या बाजूने वारा सुटला. मोठा नव्हता, पण न ठोकलेले पत्रे थडथडायला लागले आणि त्या आवाजासरशी वस्तीतल्या बाया दारात आल्या.

“व्हईल ना आज?” इंदुबाईने विचारलं. “काल रातभर पोरीला घेऊन कोपऱ्यात बसले व्हते, भाऊ. जरा वाजलं की ती कान दाबून घेती.”

“व्हईल,” वैजनाथ म्हणाला आणि शिडी चढला. तीस वर्षांत उंचीची भीती त्याला कधी वाटली नव्हती. आजही उंचीची वाटत नव्हती, हाताची वाटत होती.

रणपिसेसाहेब बाजूला हुक मोजत बसले होते. त्यांच्या जागी आता वल्लरी उभी होती, आणि पत्र्याची दुसरी कड इंदुबाईने धरली होती. सकाळी निसटलेला तोच सातवा पत्रा, कोपऱ्यात चेपलेला. दोघींनी तो वर सरकवला. खाली वल्लरीचा वर केलेला चेहरा त्याला दिसत होता, कपाळावर घाम, डोळे त्याच्या तोंडाकडे. त्या चेहऱ्यात कसलीही शंका नव्हती. तो जे सांगेल ते ती ऐकणार होती.

“धरलं?”

पत्रा त्याच्या बोटांखाली आला. त्याने उजव्या हाताला सांगितलं, मीट. हात ऐकू की नको अशा विचारात राहिला. वारा पत्र्याखाली शिरला आणि कड थोडी उचलली गेली.

“काका? धरलं?”

इतक्या वर्षांत त्याने छपरावरून या प्रश्नाला दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं.

“न्हाई,” वैजनाथ म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून त्याने परत सांगितलं. “न्हाई धरलं. सोडू नका. खाली घ्या.”

दोघींनी पत्रा खाली घेतला आणि भिंतीला टेकवला. वैजनाथ तिथेच पाइपवर बसून राहिला. त्याने उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता, सगळ्यांना दिसेल असा.

“सकाळी बी धरलं नव्हतं,” तो म्हणाला. “मी धरलं म्हणालो. साहेबांचा काय बी दोष न्हाई. त्यांनी सरळच दिला व्हता.”

रणपिसेसाहेबांच्या मुठीतले हुक खाली पडले. ते उठून उभे राहिले. इंदुबाई मात्र टबाकडे वळली. टबाचे दोन्ही तुकडे अजून तिथेच पडले होते.

“मी वाकले व्हते तितं,” ती म्हणाली. “सकाळीच सांगता आलं नसतं? छप्पर घालाया आला व्हता का मला उचलाया?”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणं,” ती म्हणाली, आणि तिने टबाचे तुकडे उचलून बाजूला टाकले. तेही त्याला ऐकून घ्यावंच लागलं.

तो शिडीवरून उतरला, एकेक पायरी चाचपत. खाली साहेब उभे होते. वैजनाथला वाटलं, हे आता आपल्याला चार शब्द सुनावतील, आणि सुनावावेतच. साहेबांनी आधी आपले हात बघितले, मग त्याचा.

“म्हणजे दुपारभर मी फुकट म्हातारा झालो,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “औषध चालू आहे का?”

“हाय. घेत न्हाई नीट.”

“उत्तम,” साहेब म्हणाले. “घरी सांगितलंय?”

वैजनाथने नकारार्थी मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने डाव्या हाताने पुसलं.

वारा वाढत होता. पाच पत्रे उरले होते. वल्लरीने ओढणी कमरेला गच्च बांधली. दर रविवारी उपासनेनंतर किल्ले चढणारी मुलगी ती, आणि दोन दिवस शेजारच्या घरांवर हुक आवळून तिचे हात सोलले होते. “मी जाते वर,” ती म्हणाली. “काका, तुम्ही खालून सांगा.”

“पाय पाइपावर ठेव,” वैजनाथ म्हणाला. “पत्र्यावर न्हाई. वाऱ्याकडं पाठ करू नको. अन् धरलं नसंल तर न्हाई म्हण.”

पत्र्याच्या एका बाजूला रणपिसेसाहेब गेले, दुसऱ्या बाजूला इंदुबाई. ती वैजनाथकडे न बघता त्याच्या जवळून गेली. उरलं काम शिडी धरण्याचं, आणि ते वैजनाथकडे आलं. तीस वर्षांपूर्वी पुण्यात आला तेव्हा त्याला पहिलं काम हेच मिळालं होतं, शिडी धरून उभं राहायचं. मिस्त्री तेव्हा म्हणायचा, हे काम कुणालाही जमतं.

वल्लरीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला, आणि थांबली. शिडी जरा हलली होती.

“काका, धरली का?”

वैजनाथने दोन्ही हात शिडीच्या दांड्यांवर आवळले. उजव्या हाताकडे त्याने नीट बघून घेतलं. बोटं हळूहळू, एकेक करून मिटली. शेवटचं मिटेपर्यंत तो काही बोलला नाही.

“धरली,” तो म्हणाला. “जा वर.”