बोलत ऱ्हावा, आबा

आमचे आबा कोंडाजी पेंढ्याच्या गंजीवरनं पडले, ते दुसऱ्याला अक्कल शिकवाया वर चढले म्हनून. गडी नीट रचत व्हते. पन आबांना कुनाचं काम पटलंय कधी? वर उभं ऱ्हाऊन शिव्या द्यायला लागले, पेंढा सरकला आन् आबा थेट खळ्यात. गुडघ्याखाली हाड मोडलं. आंदर मावळातनं वडगावच्या दवाखान्यात न्यायचं तर आमच्याकडनं गाडीवाटबी न्हाई, नुसती पायवाट. मी त्यांचा थोरला, नथू. माझं तर डोस्कंच चालंना.

माझी बहीन झुंबर कुनाला इचारत बसली न्हाई. पळत गेली आन् महिपतीला घेऊन आली.

आता हितं मागलं सांगाया पायजे. झुंबरची नि महिपतीची सुपारी साहेबाच्या मोठ्या लढाईच्या आदीच फुटली व्हती. मंग तो गेला समिंदरापल्याड बसऱ्याकडं, जखमी शिपायांना डोलीतनं उचलून आनायच्या पलटनीत. झुंबर वाट बघत ऱ्हायली. तो परत आला तवा त्याच्या पलटनीतला लोनावळ्याचा चाँदभाई भेटीला आला. चावडीवर बसून त्यानं कौतिकानं सांगितलं, की ह्या गड्यानं किती मानसं खांद्यावर व्हायली त्याची मोजदाद न्हाई. झालं, आबांचं टाळकं फिरलं. म्हनाले, बंदुकीला हात लावला न्हाई आन् कुना-कुनाच्या तिरड्या उचलून आला, असल्या खांदेकऱ्याच्या घरात माझी पोर जायची न्हाई. सुपारी मोडली. झुंबरनं घरात बोलनंच टाकलं. मला लय राग आलता, पन आबांम्होरं बोलायची माझी काय टाप?

तर महिपती आला. चाँदभाई त्याच्याकडंच मुक्कामाला व्हता, तोबी आला. आबा वेदनेनं कळवळत व्हते, तरी म्हनालेच, ह्याचा खांदा मला लागायचा न्हाई. महिपतीनं ते कानाआड केलं. आबांचीच काठी पायाला लावली, त्यांच्याच डोक्याचं पागोटं सोडलं आन् त्यानंच पाय काठीला आवळला. बोडक्या डोक्यानं आबांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. तवर ह्यानं पोत्यांचे कोपरे फाडून दोन बांबू आरपार घातले. बांबू बघून तर आबा चवताळले.

"जित्तेपनीच मला बांबूवर घालतोस व्हय रं?"

महिपती गाठी मारत व्हता. मान वर न करता म्हनला, "बांबू मांडवालाबी लागत्यात, आबा."

झुंबर दाराशी उभी व्हती. लय दिसांनी तिला हसताना बघितलं मी.

मंग महिपतीनं आबांचे पाय म्होरं करून डोली उचलायला लावली. आबा म्हनाले, पाय म्होरं करून घरातनं मानूस एकदाच निघतो. महिपती म्हनला, मंग वाटभर शिव्या द्या, मढं कुटं शिव्या देतं? हे मात्र आबांना पटलं.

म्होरं मी नि आमचा गडी बजरंग, मागं महिपती नि चाँदभाई. मी सवयीनं बजरंगच्या पायाला पाय जुळवला तर महिपती खेकसला. पाय जुळले की डोली झुलती, मोडल्या हाडाला हिसका बसतो. चौघांनी चार चाली धरल्या आन् खरंच, डोली हलंना. आबा बोलत ऱ्हायले. आदी महिपतीचा आजा, मंग त्याचा मामा, मंग सरकार. वाटंवरच्या टाकव्यात बायका दारात आल्या, एकीनं इचारलं, कुनाची वरात म्हनायची ही? आबांनी तिलाबी सोडलं न्हाई. मला तर हसू आवरंना.

टाकवं मागं पडलं आन् आबांचा आवाज बंद झाला.

"खाली ठेवा," महिपती म्हनला. डोली टेकली न टेकली तोच त्यानं आबांच्या छातीला कान लावला.

"आबा, बोला. शिव्या द्या मला. बोलत ऱ्हावा, आबा."

आन् तो रडाया लागला. धडधाकट गडी, ढसाढसा. चाँदभाई मला हळूच म्हनला, तितं लढाईत जे बोलत ऱ्हायले ते दवाखान्याच्या तंबूपत्तुर पोचले, गप झालेले लय थोडे वाचले. तवापासनं ह्याला कुनी गप झालेलं सोसत न्हाई.

आबांनी डोळे उघडले. ज्याच्या सात पिढ्या काढल्या, तो छातीवर डोकं टेकून रडतोय. मंग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"अरं, डोळा लागलता. इतकं निवांत नेल्यावर मानूस झोपंल न्हाई तर काय? उचल. मला इतक्यात मरायला सवड न्हाई, पोरीचं लगीन काढायचंय."

महिपतीनं बाहीला नाक पुसलं आन् डोली उचलली. वडगावपत्तुर आबाच बोलत ऱ्हायले. वाजंत्री कुटली, मांडव केवढा, जेवनाला काय, सगळं डोलीतच ठरलं.

लगनात आबांच्या पायाला अजून फळ्या बांधलेल्या. खुर्चीत घालून न्यायला लागलो तर बसंनात. त्यांना तीच डोली पायजे आन् पायबी म्होरंच. म्होरं मी नि बजरंग, मागं चाँदभाई आन् मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. सासऱ्याला खांद्यावर घेऊन मांडवात आलेला जावई अख्ख्या मावळानं पयल्यांदाच बघितला. वाजंत्री जोरात व्हती, तरी आबा वाजंत्रीच्या वर आवाज चढवून शिव्या देत व्हते, मागं महिपतीला ऐकू जावं म्हनून.