मामांचं ओलं फडकं

मामांना यात मिळायचं काय? तर भाचीच्या लिंबाच्या बागेत छाटणी केल्याबद्दल दोनदा चहा आणि निघताना एक वाक्य, "मामा, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही." या वाक्यासाठी मामा हाक मारायच्या आत कात्री घेऊन हजर.

त्यात माणूस भलता टापटिपीचा. एक झाड झालं की खिशातून ओलं फडकं काढून पातं पुसायचं, मगच पुढचं झाड. दिवसभर फडकं मात्र तेच.

यंदा पानांवर खडबडीत तपकिरी ठिपके उठले, भोवती पिवळं कडं. मग फळांवरही. रोपं तपासणाऱ्या बाईंनी भिंग लावून पाहिलं.

"खैऱ्या आहे. जिवाणूंचा रोग. पाण्यातून पसरतो, हत्यारावरूनही. छाटणी कुठून सुरू केली होती?"

भाचीने कोपरा दाखवला. तिथून ओळीने नऊ झाडं ठिपक्यांनी भरलेली, पहिल्या दिवशी कात्री फिरली तश्शीच. दहाव्यापासूनची दुसऱ्या दिवशी, धुतलेल्या फडक्याने झाली होती. ती ठणठणीत.

उरलेली एकावन्न वाचवायची तर मामांना सांगणं भाग होतं. सांगितलं तर मामा रुसणार, आणि छाटणारा दुसरा हात होता कुणाचा?

शेवटी ती म्हणालीच, "मामा, तुम्ही पातं पुसत नव्हतात, त्या फडक्याने झाडाझाडाला खैऱ्या वाढत होतात. एकाही झाडाला उपाशी ठेवलं नाहीत."

मामांचे कान लाल झाले. म्हणाले, "म्हणजे तो तुझा आळशी शेजारी माझ्यापेक्षा बरा? वर्षानुवर्षं कात्री खुंटीवरून काढत नाही तो!"

"या बाबतीत, हो."

"हे त्याला कळता कामा नये."

नऊ झाडं उपटून जाळली, बाकीच्यांवर तांब्याचं औषध फवारलं. आता मामा दर झाडानंतर पातं ब्लीचच्या बादलीत बुडवतात, मोठ्याने तीसपर्यंत मोजतात. पानं दवाने ओली असली तर बागेत पाऊल टाकत नाहीत, आणि बघायला आलेल्यांना आधी हात धुवायला लावतात. यातला रुबाब त्यांना भलताच मानवलाय.

नव्या पालवीवर एकही ठिपका नाही. वाचली एकावन्न. गेली नऊ, ती भाचीची. मामांनी जन्मात पहिल्यांदा "चुकलो" म्हटलं, तेही पुटपुटत. आणि ब्लीच उडून चार शर्टांची जी चाळण झाली, ती मामी अजून रफू करताहेत.